तबकडीवर न छापलेली नावे

मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवरील जुन्यापान्या वस्तूंच्या दुकानांतून, ध्वनिमुद्रिकांचे ढीग कपबशा आणि पितळी दिव्यांच्या शेजारी रचून ठेवलेले असतात. नाट्यगीते, भावगीते, कव्वाल्या, चित्रपटगीते असा सगळा पसारा तेथे एकत्र नांदतो. अशा ढिगांतून हात काळे करून घेत बसणारी माणसे दोन जातींची. एक जात आपल्या लहानपणी घरात वाजलेले गाणे शोधणाऱ्यांची. ते सापडले की ती माणसे समाधानाने घरी जातात. दुसरी जात तबकडी हाती आली की आधी ती उजेडाकडे तिरपी धरते, मधला गोल कागद वाचते, आणि गाणे संपते तेथून त्या कागदापर्यंत उरलेल्या गुळगुळीत पट्ट्यातील साच्याचा क्रमांक डोळे बारीक करून टिपून घेते. गाणे ऐकण्याची तिला घाई नसते. या दुसऱ्या जातीच्या माणसाला अशा ढिगात ‘बीटल्स’ हे नाव छापलेली, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी लाखेची तबकडी मिळाली, तर त्या दिवशी त्याच्या तोंडचे पाणी पळते.

त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. लिव्हरपूलच्या या चार तरुणांचे पहिले गाणे इंग्लंडच्या बाजारात आले ते ऑक्टोबर १९६२ मध्ये. त्या सुमारास पाश्चात्त्य देशांत लाखेच्या तबकडीचे दिवस भरलेले होते. १९४८ मध्ये अमेरिकेत दीर्घ वादनाची, न फुटणारी तबकडी आली. १९४९ मध्ये पंचेचाळीस फेऱ्यांची छोटी तबकडी आली. आणि १९६० च्या आसपास इंग्लंडातील मोठ्या कंपन्यांनी जुन्या जड थाळ्या काढणे थांबवले. त्यामुळे बीटल्सची अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी त्यांच्या मायदेशी विक्रीला कधी आलीच नाही. ती आली भारतात. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने १९६३ पासून पुढे काही वर्षे त्यांची गाणी पार्लोफोन या छापाखाली जुन्या पद्धतीने काढली. हा उलटा प्रकार घडला तो येथील घराघरांतील यंत्रांमुळे. विजेचे तार न पोहोचलेल्या गावांत, आणि पोहोचलेल्या शहरांतीलही असंख्य घरांत, चावी देऊन चालणारा फोनोच होता. आणि तो अठ्ठ्याहत्तरच फेरे घेत असे. नवे गाणे जुन्या यंत्रावर वाजवावयाचे, तर तबकडीही जुनीच हवी.

पार्लोफोन हा छापही मराठी कानांना सर्वस्वी परका नव्हता. त्याच्या कागदावर पौंडाच्या चिन्हासारखे दिसणारे जे अक्षर असते, ते वस्तुतः जर्मनीतील लिंडस्ट्रॉम या कंपनीच्या नावाचे आद्याक्षर आहे. आणि याच लिंडस्ट्रॉमच्या पंखाखालील ‘ओडियन’ने एके काळी मराठी गाणी घरोघर पोहोचवली होती. लाखेची कथा तर आणखी मौजेची आहे. छोटा नागपूरच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरील किड्याने दिलेली लाख जगभरच्या तबकड्यांसाठी जहाजांतून जात असे. जगाने ती सोडून दिल्यावरही दमदमच्या कारखान्यात लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचे मिश्रण तापतच राहिले, आणि त्यातून लिव्हरपूलचा आवाज बाहेर पडला.

या तबकड्या आज दुर्मिळ का, हे वेगळे सांगावयास नको. लाख ठिसूळ, हातातून निसटली की तिचे तुकडे. पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलावी असा नियम होता, पण तो पाळणारी घरे थोडी. त्यामुळे वाचलेल्या तबकड्यांपैकी पुष्कळ आतून करवडून गेलेल्या असतात. दूरदेशीचे संग्राहक त्यांच्यासाठी मोठी रक्कम मोजतात, आणि किंमत आली की पाठोपाठ नक्कलही येते. म्हणूनच साच्याचा क्रमांक, कागदाची छपाई आणि थाळीचे वजन यांची पारख लागते. पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला कागदावरील पाणखूण जशी पाहावी लागते, तसाच हा प्रकार.

योगायोग असा की या मंडळींची सर्वांत पहिली तबकडीही अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचीच होती. १९५८ च्या जुलै महिन्यात, बीटल्स हे नाव धारण करण्यापूर्वी, लेनन, मॅकार्टनी, हॅरिसन आणि त्यांचे दोन सोबती लिव्हरपूलमधील पर्सी फिलिप्स यांच्या घरगुती ध्वनिमुद्रणालयात गेले आणि साडेसतरा शिलिंग देऊन त्यांनी दोन गाण्यांची एकच प्रत करून घेतली. प्रत एक आणि धनी पाच! म्हणून ती आळीपाळीने प्रत्येकाकडे आठवडाभर राहावी असे ठरले, असे मॅकार्टनी यांनी पुढे सांगितले. पियानो वाजवणाऱ्या डफ लो यांच्याकडे ती आली आणि तेथेच तेवीस वर्षे मुक्कामाला राहिली. १९८१ मध्ये मॅकार्टनी यांनी ती त्यांच्याकडून विकत घेतली आणि स्नेह्यांसाठी तिच्या पन्नासएक प्रती काढवल्या. मूळ तबकडी जगातील अत्यंत मोलाच्या तबकड्यांत गणली जाते.

परंतु संग्रह म्हणजे केवळ दुर्मिळ वस्तूंचे कपाट असते, तर त्याविषयी इतके बोलण्याचे कारण नव्हते. आवडत्या कलावंताच्या संगीतावर लिहू पाहणाऱ्यासमोर दोन वाटा असतात. पहिली स्तुतीची. ती सोपी आहे, आणि तिच्यावर गर्दीही फार. दुसरी वाट अशी विचारते की अमुक गाणे कोणत्या दिवशी, कोठे, कोणी वाजवले, आणि हे कशावरून? या दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांत मार्क लूइसन या इंग्रज लेखकाचे नाव आदराने घ्यावे लागते. लंडनच्या अ‍ॅबी रोडवरील ध्वनिमुद्रणालयाच्या तळघरांतील फिती, त्यांच्या डब्यांवरील नोंदी आणि रोजची टाचणे चाळून त्यांनी १९८८ मध्ये बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांची दिनांकवार बखर प्रसिद्ध केली. त्यांच्या चरित्रग्रंथाचा पहिला खंड २०१३ मध्ये निघाला, आणि तो १९६२ च्या अखेरीपर्यंतच येऊन थांबतो. यावरून या माणसाच्या कामाची चाल लक्षात यावी. अशा लेखनात रस नसतो असे काहींना वाटते. तो आक्षेप कितपत टिकतो, हे एका तबलजीच्या गोष्टीवरून पाहता येईल.

१९६६ मध्ये निघालेल्या ‘रिव्हॉल्व्हर’ या संग्रहात हॅरिसन यांचे एक गीत मुख्यतः भारतीय वाद्यांवर उभे आहे. त्याच्या वेष्टनावर तबलावादकाचे नाव छापले आहे : अनिल भागवत. या गृहस्थांना लूइसन यांनी गाठले आणि त्या दिवसाची हकीकत विचारली. लंडनमधील एशियन म्युझिक सर्कल या संस्थेचे अयाना अंगडी यांनी त्यांना दूरध्वनी करून वाजवायला येता का, एवढेच विचारले होते. कोणासाठी, ते सांगितले नव्हते. दाराशी रोल्स-रॉइस गाडी येऊन उभी राहिली तेव्हा त्यांना उमगले. मुद्रणालयाबाहेर पाहतात तो चहाचे थर्मास आणि खाऊचे डबे घेऊन मुलींचे थवे ताटकळत उभे! आत हॅरिसन यांनी तबला सुरात लावून घेतला, रविशंकरांच्या धाटणीचे सोळा मात्रांचे काही वाजवावे असे सुचवले, आणि उत्स्फूर्त वाजवण्याची मोकळीकही दिली. वेष्टनावर आपले नाव आले, याचा भागवतांना फार अभिमान वाटे.

तो अभिमान अस्थानी नव्हता. त्याच गीतातील इतर भारतीय वादकांची नावे वेष्टनावर नाहीत, आणि त्यातील सतार खुद्द हॅरिसन यांची की दुसऱ्या कोणाची, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, ‘सार्जंट पेपर’ या जगप्रसिद्ध संग्रहात हॅरिसन यांचे दुसरे भारतीय धाटणीचे गीत आले. त्याच्या वेष्टनावर चित्रांची इतकी गर्दी आहे की गांधीजींचेही चित्र आधी त्यात योजले होते आणि भारतीय बाजाराच्या धास्तीने ते काढले गेले. मात्र दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजवणाऱ्या लंडनवासी भारतीयांना त्या वेष्टनावर तसूभर जागा मिळाली नाही. पन्नास वर्षे ते ‘एशियन म्युझिक सर्कलचे वादक’ एवढ्याच नावाने ओळखले गेले. २०१७ च्या सुमारास लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधनातून चार नावे पुढे आली : अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी. कोट्यवधी घरांतून ज्यांची वाद्ये ऐकली गेली, त्या चौघांना नावे मिळण्यास अर्धे शतक लागले.

हा दोष एकट्या साहेबाचा मानण्याचे कारण नाही. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील सर्वांत गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे छापले होते. कामिनी हे पडद्यावरील पात्राचे नाव. लता मंगेशकर हे नाव श्रोत्यांच्या चौकशांनंतर कळले. तेथे निदान विचारणारे श्रोते होते, आणि ज्यांच्याविषयी विचारले त्यांचे तेज झाकले जाण्यासारखे नव्हते. साथीदाराविषयी कोण विचारणार?

मुंबईचा प्रसंग याहून विलक्षण आहे. १९६८ च्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसन ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत मुद्रित करण्यासाठी मुंबईत आले. फोर्ट भागात, सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरील इमारतीत, हिज मास्टर्स व्हॉइसचे ध्वनिमुद्रणालय होते. तेथे दुहेरी फितीचे यंत्र नसल्याने भास्कर मेनन यांनी ते कलकत्त्याहून रेल्वेने आणवले. ध्वनिरोधाची व्यवस्था बेताचीच. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या कारकुनांच्या पावलांचा आवाज आत येई आणि काम थांबवावे लागे, असे हॅरिसन सांगत. आणि बारकाईने ऐकले तर काही तुकड्यांत टॅक्सीही ऐकू येतात, अशी पुस्तीही जोडत. संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खाँ, सतारीवर शंकर घोष, बासरीवर एस. आर. केंकरे, अशी मातब्बर मंडळी त्या कामात होती. चित्रपटसंगीताच्या तबकडीच्या वेष्टनावर ही नावे छापली गेली. इंद्रनील भट्टाचार्यांचे ‘इंद्रिल’ झाले खरे, पण नाव आले.

त्याच मुक्कामात, ठरलेले काम आटोपल्यावर, आणखी एका गीताचे वादन मुद्रित झाले. हॅरिसन ती फीत लंडनला घेऊन गेले, फेब्रुवारीत त्यावर त्यांनी गायन चढवले, आणि शेवटी लेनन व मॅकार्टनी यांनी आवाजाची जोड दिली. १५ मार्च १९६८ रोजी ‘दि इनर लाइट’ या नावाने ते बीटल्सच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला प्रसिद्ध झाले. शब्दांचा आधार चीनमधील लाओ त्सू यांचा, वादन मुंबईचे, आवाज लिव्हरपूलचे. त्यातील एकही वाद्य चौघा बीटल्सपैकी कोणी वाजवलेले नाही. परंतु तबकडीचा कागद पाहावा, तर त्यावर गीताचे नाव, हॅरिसन यांचे नाव, प्रकाशकाचे नाव आणि ‘दि बीटल्स’ एवढेच. ज्या हातांनी ते सगळे वाजवले, त्यांचा त्या कागदावर मागमूस नाही.

याचा परिणाम अभ्यासकांना आजही भोगावा लागतो. त्या गीतातील बासरी हरिप्रसाद चौरसिया यांची, की केंकरे यांची, की दोघांचीही, याबाबत पुस्तकापुस्तकांत भेद आढळतो. एक लेखक दुसऱ्याचे पाहून लिहितो, आणि छापलेल्या चुकीला वयपरत्वे प्रतिष्ठा येते. वादकाला त्या दिवसाची बिदागी मिळाली, व्यवहार संपला, असे कोणी म्हणेल. पण फुंकरीची धाटणी ही ज्याच्या त्याच्या जन्माची कमाई असते, आणि ती दुसऱ्याच्या नावे जमा झाली तर बिदागीच्या पावतीने ती परत मिळत नाही. कंपनीच्या नोंदी, फितीचे डबे, वादकांच्या घरच्या आठवणी आणि अखेरीस कान, एवढीच साधने अशा वेळी हाताशी उरतात.

२०१४ मध्ये ‘वंडरवॉल’चे संगीत नव्याने प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यास या गीताच्या मुंबईतील मुद्रणाचा एक निराळा पाठ जोडण्यात आला. त्यावर गायन नाही. फोर्टमधील त्या खोलीत वाजलेली सरोद, सनई, पखवाज, हार्मोनियम आणि बासरी तेवढी आहेत. संग्राहकांची दुसरी जात आता तो पाठ लावून बसते, बासरीची फुंकर पुनःपुन्हा ऐकते, आणि मधूनच एखादी टॅक्सी ऐकू येते का, याकडेही कान देते.