मासे धरण्याचा हक्क आणि त्याचे परंतुक : कॅलिफोर्नियातील पाणबुड्यांचे उदाहरण

हौसेखातर समुद्रात बुडी मारणारा व भाल्याने मासा टिपणारा मनुष्य जेव्हा आपल्या हक्काच्या रक्षणाची मागणी करतो, तेव्हा तो नेमके काय मागत असतो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ‘हक्क’ आणि ‘मुभा’ हे शब्द व्यवहारात पुष्कळदा एकमेकांच्या जागी येतात. परंतु मुभा देणाऱ्यास ती परत घेता येते. हक्क मात्र सबळ कारणावाचून हिरावता येत नाही. पाणबुड्यांचा दावा ह्यांपैकी कोणत्या सदरात पडतो, हे पाहण्यास अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

ह्या राज्याच्या घटनेत १९१० साली एक कलम घालण्यात आले. सार्वजनिक जमिनींवरून व राज्याच्या पाण्यांत मासे धरण्याचा हक्क त्याने लोकांना दिला. इतकेच नव्हे, तर राज्याच्या मालकीची जमीन विकताना हा हक्क राखून ठेवलाच पाहिजे, असेही बजावले. तथापि त्याच कलमाच्या अखेरीस एक परंतुक आहे : कोणत्या जातीचे मासे कोणत्या हंगामात व कोणत्या अटींवर धरावेत, हे विधिमंडळास कायद्याने ठरविता येईल. वाक्याचे पूर्वांग हक्क देते आणि उत्तरांग त्याची मर्यादा आखते. न्यायालयांनीही हा हक्क मर्यादित स्वरूपाचाच मानला आहे.

हे परंतुक व्यवहारात कसे उतरते, ते सागरी संरक्षित क्षेत्रांवरून दिसते. १९९९ च्या कायद्यास अनुसरून आखलेली ही मालिका २०१२ साली पुरी झाली. तीत १२४ क्षेत्रे असून त्यांनी राज्याच्या सागरी हद्दीचा सुमारे १६ टक्के भाग व्यापला आहे. ‘राखीव क्षेत्रा’त बुडी मारण्यास सामान्यतः आडकाठी नाही, पण तेथून काहीही काढून नेता येत नाही. ‘उद्याना’त हौशी मासेमारीस वाव असतो, विक्रीसाठी केलेल्या मासेमारीस नसतो. ‘संरक्षण क्षेत्रा’त निवडक प्रकारांनाच परवानगी मिळते. उदाहरणार्थ, पॉइंट ड्यूम येथील संरक्षण क्षेत्रात हौशी मासेमाराला गळ टाकता येत नाही. मात्र भाल्याने काही ठरावीक जातींचे मासे टिपता येतात. भालेकरी नेम धरण्यापूर्वी मासा ओळखू शकतो, नको तो जीव जाळ्यात सापडावा तसा त्याच्या हाती सापडत नाही, हा त्याचा युक्तिवाद येथे मान्य झालेला दिसतो. अर्थात ह्याच निवडीची दुसरी बाजूही आहे. निवडणाऱ्याची नजर मोठ्या माशावर जाते, आणि पुष्कळ जातींत मोठी मादीच सर्वाधिक अंडी घालते.

परंतु अटी कितीही काटेकोर असल्या, तरी त्या हक्काचे रक्षण करतीलच असे नाही. उत्तर कॅलिफोर्नियात पाणबुडे तांबडी ॲबलोनी नावाची मोठी, कवचधारी सागरी गोगलगाय खडकावरून काढीत. हवेची नळकांडी वापरण्यास बंदी होती. श्वास रोखूनच बुडी मारावी लागे. ७ इंचांहून लहान कवचाची गोगलगाय घेता येत नसे. वर्षाला माणशी २४ ही मर्यादा २०१४ साली १८ वर आणि २०१७ साली १२ वर आली. दरम्यान २०१३ पासून तारामाशांत रोगाची साथ पसरली व त्यामागोमाग समुद्राच्या पाण्याचे तापमान वाढले. भक्षक तारामासे नाहीसे होताच जांभळे अर्चिन हे काटेरी प्राणी बेसुमार वाढले आणि त्यांनी केल्प ह्या प्रचंड शैवालाची वने फस्त केली. उत्तर किनाऱ्यावरील ही वने नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. ॲबलोनी उपाशी मरू लागल्या. अखेर २०१८ साली ही मासेमारी बंद करण्यात आली आणि पुढे बंदीची मुदत वाढविण्यात आली.

येथे ज्यांनी वर्षानुवर्षे अटी पाळल्या, त्यांनाच किनाऱ्यावर बसावे लागले. त्यांची खंत रास्त आहे. घटनेतील कलमाचा एक शब्दही बदलला नव्हता. ज्या वस्तूविषयी हक्क होता, ती वस्तूच उरली नव्हती. यास्तव पाणबुड्यांच्या हक्काचे रक्षण म्हणजे केवळ बंदीला विरोध नव्हे. प्रत्येक अटीमागे पुरावा असावा, तिचा ठरावीक काळाने फेरविचार व्हावा आणि निर्णयापूर्वी पाणबुड्यांचे म्हणणे ऐकले जावे, ही मागणी त्यात येते. त्याचबरोबर समुद्राखालचे वन राखण्याची जबाबदारीही येते. अर्चिन काढून केल्पला पुन्हा वाढू देण्याच्या प्रयत्नांत तेथील हौशी पाणबुडे सामील झाले आहेत. आपल्या हक्काचा हा दुसरा अर्धा भाग त्यांनी ओळखला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.