काम पाड्यात, नाव शहराचं

आमच्या चिंचपाड्याच्या नावातच चिंच आहे आणि पाडा आहे, अर्थ शोधायला लांब जावं लागत नाही. आवर्त सारणीतल्या ११० नंबरच्या घराचंही तसंच. डार्मस्टॅटियम, जर्मनीतल्या डार्मस्टाट शहरावरून.

९ नोव्हेंबर १९९४. तिथल्या जीएसआय प्रयोगशाळेत शिशाच्या अतिपातळ थरावर निकेलच्या अणुकेंद्रांचा मारा चालला होता. हिशोब शाळेतल्या बेरजेचा: शिशाचे प्रोटॉन ८२, निकेलचे २८, मिळून ११०. पण दोन्ही केंद्रं धनप्रभारित, एकमेकांना ढकलणारी. वेग कमी पडला तर ती चिकटत नाहीत, जास्त झाला तर जुळलेलं केंद्र लगेच फुटतं. त्या दिवशी हाती लागला एकच अणू! तोही सेकंदाचा हजारावा भागसुद्धा टिकला नाही. मोडताना त्याने एकामागून एक अल्फा कण सोडले, त्या मागावरून तो येऊन गेल्याचं कळलं.

नाव मिळायला २००३ उजाडलं. तोवर कामचलाऊ नाव उनउननिलियम, म्हणजे एक-एक-शून्य. जर्मनीत पोलिसांचा फोन नंबर ११०, म्हणून कुणी गमतीत 'पोलिसियम'ही सुचवलं होतं. कामचलाऊ नावाच्याही आधीची ओळख एका-प्लॅटिनम, प्लॅटिनमच्या खालचं पहिलं घर. त्यातलं 'एका' आपल्या संस्कृतातलं 'एक'. न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी ते आवर्त सारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने उचललं होतं.

आणि प्रयोगशाळा खरं तर आहे शहराच्या उत्तरेला, विक्सहाउझेन नावाच्या भागात. काम पाड्यात झालं, नाव मात्र तालुक्याने नेलं!