पंधरा वर्षांचा मुलगा कुणापुढे बसतो?

पंधरा वर्षांच्या मुलाने मोटरसायकल चोरली आणि तो सापडला. पुढे त्याचे काय होते?

नागपुरात सापडला, तर चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. बेड्या नाहीत, पोलीस कोठडीही नाही. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत किमान एक स्त्री. परिवीक्षा अधिकारी त्याच्या घराची, शाळेची माहिती काढून अहवाल देतो. त्यावरून समज, समुपदेशन, समाजसेवा किंवा फार तर तीन वर्षे विशेष गृह. २०१५ च्या कायद्याने निर्घृण गुन्ह्यांसाठी प्रौढांसारख्या खटल्याची वाट उघडली, पण ती सोळा पूर्ण झालेल्यांसाठी. ज्याची गाडी गेली तो मात्र या कामकाजात बहुतेक साक्षीपुरताच उरतो, आणि हे मला खटकते.

स्कॉटलंडमध्ये १९७१ पासून असे प्रकरण सहसा तीन प्रशिक्षित स्वयंसेवक नागरिकांपुढे येते. आरोप खरा की खोटा असा वाद असेल, तर तेवढा न्यायाधीश सोडवतात. घरी आबाळ झालेले मूलही याच तिघांपुढे येते, कारण दोघांची गरज एकच, असे १९६४ च्या किलब्रँडन अहवालाने मांडले होते.

न्यूझीलंडची रीत सर्वांत वेगळी. तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या, मुलांना घरच्या माणसांपासून तोडून संस्थांत ठेवले जाई, त्यावर माओरी समाज संतापला होता. १९८९ च्या कायद्याने निर्णयाचे काम कुटुंबाच्या बैठकीकडे आणले. मुलगा, आईवडील, आजी, मामा, काका, पोलीस अधिकारी आणि गाडीचा मालक एकत्र बसतात. मालक आपले नुकसान मुलासमोर सांगतो. मग बाकीचे बाहेर जातात आणि कुटुंब एकटे बसून योजना आखते: माफी कशी मागायची, भरपाई कशी फेडायची, शाळेत परत कोण नेणार. पोलीस आणि मालक यांच्याशी बोलून ती पक्की होते. प्रकरण न्यायालयात असेल आणि योजना नीट पार पडली, तर आरोप जणू ठेवलाच नव्हता असे न्यायाधीश ठरवू शकतात. ऐकायला हे मवाळ वाटते, पण आजीसमोर मान वर करून चोरीची कबुली देणे मुलाला सोपे नसते.

२००८ पासून काही सुनावण्या माओरींच्या सभास्थानी, मराएवर, होतात. कायदा तोच, पण मुलगा आपल्या वडीलधाऱ्यांपुढे उभा असतो. तरीही तिथल्या युवा न्यायालयात माओरी मुलांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने आजही फार जास्त आहे. गरिबी आणि तुटलेली शाळा यांवर कुटुंबाच्या बैठकीकडे इलाज नाही.