अपक्षांचे चौदा दिवस

महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीचे अर्ज मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबर २०२४ रोजी संपली आणि त्यानंतर अपक्षांना चिन्हे मिळाली. १८ तारखेला संध्याकाळी जाहीर प्रचार थांबणार होता. म्हणजे शिट्टी किंवा कपबशी मतदारसंघातल्या शेवटच्या वाडीपर्यंत पोचवायला चौदा दिवस. कमळ आणि पंजा तिथे पिढ्यान्‌पिढ्या पोचलेलेच होते.

त्या निवडणुकीत २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार उभे होते, त्यांतले २,०८६ अपक्ष. निवडून आले दोघे: जुन्नरचे शरद सोनवणे आणि चंदगडचे शिवाजी पाटील. दोघेही महायुतीतलेच बंडखोर.

१९९५ मध्ये निवडून आलेल्या अपक्षांचा आकडा ४५ होता. काँग्रेस ८०, शिवसेना ७३, भाजप ६५. शिवसेना-भाजप युतीला बहुमताला सात कमी पडत होते, ते अपक्षांनी भरून काढले आणि मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील, काटोलचे अनिल देशमुख हे अपक्ष त्या सरकारात मंत्री झाले. पक्षांतरबंदी कायद्यानुसार अपक्ष आमदाराने निवडून आल्यावर पक्षात प्रवेश केला तर त्याची आमदारकी जाते. बाहेरून पाठिंबा द्यायला, मंत्री व्हायला मात्र आडकाठी नाही. त्या ४५ जणांत तिकीट कापले गेलेले काँग्रेसवाले मोठ्या संख्येने होते. पक्ष सुटला तरी कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ आणि गावोगावचे कार्यकर्ते अशा माणसाला सुटत नाहीत. माझ्या मते ती लाट अपक्षांची नव्हतीच, ती काँग्रेसमधल्या भाऊबंदकीची होती.

पुढे १९९९ मध्ये १२, २००४ मध्ये १९, २००९ मध्ये २४, २०१४ मध्ये ७ आणि २०१९ मध्ये १३ अपक्ष आले. २०२४ मध्ये दोनच का? शिवसेना आणि राष्ट्रवादी फुटल्यावर एका मतदारसंघात तिकीट वाटणारी दारे वाढली. एकीकडे नाकारलेला दुसरीकडे पक्षाच्या उमेदवारीचा ए-बी फॉर्म घेऊन उभा राहू लागला. बंडाला अपक्षपणाची गरज उरली नाही.

खरा एकटा उमेदवार या हिशेबात कुठेच नाही. कायद्यानेही त्याची वाट अरुंद केली आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. अनामत पूर्वी २५० रुपये होती. १९९६ मध्ये ती ५,००० झाली, आता खुल्या गटाला १०,००० आहे. मतदानयंत्रावर पक्षवाल्यांची नावे आधी, अपक्षांची शेवटी. पक्षाच्या स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या नावावर पडत नाही, अपक्षाला ही सवलत नाही.

हौशी उमेदवारांना आळा बसावा म्हणून दहा सूचक आणि वाढीव अनामत मला मान्य आहे. दिवसांची कपात मात्र मान्य नाही. माघार आणि मतदान यांत पूर्वी किमान वीस दिवसांचे अंतर होते, ते निवडणूक कायद्याच्या १९९६ च्या दुरुस्तीने चौदावर आणले. त्याने खर्च वाचला असेल, पण तो वाचला ज्यांचे चिन्ह आधीच भिंतीवर होते त्यांचा. ते वीस दिवस परत दिले पाहिजेत.