इसब आणि घरगुती उपाय

रात्रीं दिवा मालवला, घर निजलें, कीं इसब झालेलें मूल अंग खाजवूं लागतें. आई त्याचे हात धरून बसते. सकाळीं चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. मग शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात. कोणी कडुनिंबाचा पाला सुचवितो, कोणी हळदीचा लेप, तर कोणी मुलाचें दूध बंद करावयास सांगतो. झाडपाल्याचें औषध आहे, गुण आला तर आला, अपाय तर होणार नाहीं, अशी या सर्व सल्ल्यांमागील श्रद्धा. ती कितपत खरी आहे, हें पारखून पाहणें अगत्याचें आहे.

प्रथम रोगाची ओळख पटली पाहिजे. खरूज सूक्ष्म किड्यामुळें होते, गजकर्ण बुरशीमुळें होतें, आणि हे दोन्ही विकार एकापासून दुसऱ्यास लागतात. इसब लागत नाहीं. त्याचें मूळ त्वचेच्या घडणींत आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या उतावळेपणांत असतें. त्वचेचा वरचा थर एखाद्या भिंतीसारखा आहे. पेशी या त्याच्या विटा आणि त्यांमधील स्निग्ध द्रव्यें हा चुना. फिलॅग्रिन नांवाचें प्रथिन बनविणारें जनुक सदोष असल्यास इसबाचा संभव वाढतो, असें २००६ सालीं आढळून आलें. भिंतीला भेगा पडल्या म्हणजे आंतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरची धूळ, साबण व जंतू आंत शिरतात. मग शरीर निरुपद्रवी पदार्थालाहि शत्रू समजूं लागतें. शरीराच्या अशा बदललेल्या प्रतिक्रियेला व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं ‘अ‍ॅलर्जी’ हें नांव दिलें.

तेव्हां भिंत लिंपणें हें पहिलें काम. कढत पाण्याऐवजीं कोमट पाण्यानें पांच-दहा मिनिटांत स्नान उरकावें. फेंसाळ, सुगंधी साबण टाळावा. अंग चोळून न पुसतां टिपून घ्यावें आणि तें ओलसर असतांनाच साधें, बिनवासाचें स्निग्ध मलम सढळ हातानें लावावें. मुलाचीं नखें कापलेलीं असावींत. लोकरीचा स्पर्श टाळून अंगांत मऊ सुती कपडे घालावेत.

तेलांत मात्र निवड केली पाहिजे. फिलिपाईन्समध्यें मुलांवर झालेल्या आणि २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेंत शुद्ध खोबरेल तेल खनिज तेलापेक्षां सरस ठरलें. याउलट, ऑलिव्हच्या तेलानें त्वचेची भिंत अधिकच दुबळी होते, असें २०१३ सालच्या प्रयोगांत दिसलें. दोन्ही तेलें निसर्गाचींच. गुण मात्र भिन्न.

निसर्गांतील सर्वच वस्तू निरुपद्रवी नसतात, हें बिब्ब्यावरून चांगलें कळतें. त्याच्या रसानें धोबी कपड्यांवर खुणा करीत. हिंदुस्थानांतील अमेरिकन सैनिकांच्या अंगावर नेमके त्या खुणांखालींच चट्टे उठल्याची हकीकत १९४३ सालीं वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम आढळलेलें गाजरगवत हेंहि वनस्पतिच. परंतु त्याच्या संसर्गानें पुष्कळांची त्वचा चिघळली आहे. लसूण चोळल्यानें कातडी भाजते, आणि हळदीचीहि कोणाकोणास अ‍ॅलर्जी असते. घटकांची नोंद नसलेल्या मलमांपासून तर विशेष जपावें. लंडनमध्यें तपासलेल्या ११ चिनी वनस्पतिमलमांपैकीं ८ मलमांत डेक्सामेथासोन हें तीव्र स्टेरॉइड सांपडलें, असें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. तात्काळ आलेला गुण झाडपाल्याचा नव्हता!

आहाराच्या बाबतींतहि घाई नको. दूध, अंडीं, शेंगदाणे असें एकेक अन्न अंदाजानें बंद केल्यास मुलाचें पोषण खुंटतें. इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या तान्ह्या मुलांचा एक अभ्यास इंग्लंडमध्यें झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. ज्यांना शेंगदाणे वर्ज्य केले होते, त्यांपैकीं शेंकडा सुमारें १७ मुलांना पांचव्या वर्षीं शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती. ज्यांना ते पहिल्या वर्षापासूनच योग्य रूपांत दिले, त्यांत हें प्रमाण शेंकडा सुमारें ३ होतें. अर्थात् तीव्र इसब असलेल्या बालकास असें अन्न वैद्यकीय सल्ल्यानेंच सुरू करावें, आणि दाणे अख्खे कधींच देऊं नयेत.

घरगुती उपचार म्हणजे डॉक्टरांशीं वैर नव्हे. खाज भडकली असतां त्यांनीं सांगितलेलें स्टेरॉइड मलम सांगितले तितके दिवस लावल्यानें दाह शमतो. भीतीनें तें टाळल्यास मुलाची झोंप जाते व जखमा वाढतात. पिंवळी खपली, पू, ताप किंवा एकाएकीं उठलेले दुखरे फोड दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवावें. कांहीं खाल्ल्यावर ओठ सुजून श्वास कोंडूं लागला, तर कोणताहि काढा उकळीत न बसतां मुलाला तत्काळ इस्पितळांत न्यावें. एरवीं रोजचें कोमट स्नान आणि सढळ हातानें लावलेलें साधें मलम यांचा नेम आईनें चुकूं देऊं नये.