पिरॅमिडशेजारचा चौकोनी खोका

वास्तुदोषाच्या दुकानांत तांब्याचे, प्लास्टिकचे, स्फटिकाचे पिरॅमिड विकायला असतात. ते घरात ठेवले की झोप चांगली लागते, मन शांत राहतं, असं विकणारे सांगतात. झोप आणि शांती मोजणं अवघड, म्हणून या दाव्यांवर वाद घालत बसावं लागतं. पण याच पिरॅमिडखाली फळ नासत नाही, दूध टिकतं, दाढीच्या ब्लेडला पुन्हा धार येते, असेही दावे आहेत. हे मात्र तपासता येतात, आणि ते तपासलेही गेले आहेत.

गैरसमज १ : पिरॅमिडच्या आकारामुळेच ममी टिकल्या.

वस्तुस्थिती : ममी टिकल्या त्या मिठासारख्या एका क्षारामुळे. प्राचीन इजिप्तमध्ये मृतदेहातले नासणारे अवयव काढून घेत आणि देह नेट्रॉन नावाच्या नैसर्गिक क्षारात पुरून त्यातलं पाणी शोषून घेत. मग तो कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळत. या सगळ्याला साधारण ७० दिवस लागत. तुतानखामुनची ममी तर पिरॅमिडमध्ये नव्हतीच, ती डोंगर खोदून केलेल्या थडग्यात सापडली. ब्रिटिश म्युझियममध्ये गेबेलैन इथला एक देह आहे. तो पहिला पिरॅमिड उभा राहण्याच्या कित्येक शतकं आधी तापलेल्या वाळूत पुरला गेला आणि नुसत्या कोरडेपणाने टिकला.

गैरसमज २ : महापिरॅमिडमध्ये न सडलेली मांजरं सापडली, तिथून हा शोध लागला.

वस्तुस्थिती : ही गोष्ट आंत्वान बोव्हिस या फ्रेंच गृहस्थाच्या नावावर सांगितली जाते. महापिरॅमिडमधल्या, म्हणजे खुफूच्या पिरॅमिडमधल्या, राजाच्या दालनात त्याला मेलेली, पण वाळून टिकलेली मांजरं दिसली म्हणे. बोव्हिस नीस शहरातला लोखंडी सामानाचा व्यापारी होता आणि त्याला लंबक फिरवून गुणदोष ओळखण्याचा नाद होता. आपण इजिप्तला गेलोच नाही, असं त्याने स्वतःच्या पुस्तिकेत लिहून ठेवलं आहे. मांजरांची कथा त्याच्या नावाने पुढे पसरली. १९७० च्या दशकातल्या लोकप्रिय इंग्रजी पुस्तकांनी ती जगभर नेली.

गैरसमज ३ : ब्लेडला धार आणणाऱ्या पिरॅमिडला पेटंट मिळालं, म्हणजे सरकारनेच मान्यता दिली.

वस्तुस्थिती : पेटंट खरं आहे. प्रागचे रेडिओ अभियंते कारेल द्रबाल यांनी १९४९ मध्ये अर्ज केला आणि १९५९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात त्यांना ९१३०४ क्रमांकाचं पेटंट मिळालं. पण पेटंट म्हणजे एखाद्या कल्पनेवरचा मालकीहक्क. तिच्यामागचं कारण खरं असल्याचा तो दाखला नव्हे.

ब्लेड बोथट का होते, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पटींनी मऊ असतो. तरीही तो विशिष्ट कोनात वाकून आला, तर ब्लेडच्या कडेचे बारीक टवके उडतात. गेलेला टवका पुठ्ठ्याच्या झाकणाखाली परत उगवत नाही. ओलसर ब्लेड गंजते, त्यामुळे ती पुसून कोरडी ठेवली तर फायदा होतो. मग वर झाकण त्रिकोणी असो वा नसो.

गैरसमज ४ : पिरॅमिडखाली फळ सडलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वस्तुस्थिती : पाहिलेलं खरं असू शकतं. कोरड्या हवेत पातळ काप ठेवले, तर सडण्याआधीच ते वाळतात, आणि पाणी उडालं की बुरशीला व जिवाणूंना वाढता येत नाही. आपल्याकडे आमसुलं, सांडगे, सुकट याच तत्त्वावर वर्षभर टिकतात. हे सगळं वाळवण आहे, त्यासाठी गच्चीवर कुणी पिरॅमिड बांधत नाही.

म्हणून फळ टिकलं का, एवढंच विचारून भागत नाही. त्याच हवेत, शेजारच्या चौकोनी खोक्यात ठेवलेलं फळ किती टिकलं, तेही पाहावं लागतं. हीच तुलना १९७३ मध्ये टोरांटोच्या ‘न्यू होरायझन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ॲलन आल्टर यांनी अन्न वाळण्याची, तर डेल सिमन्स यांनी ब्लेड आणि फुलांची चाचणी घेतली. पिरॅमिड इतर आकारांपेक्षा सरस ठरला नाही. विशेष म्हणजे हे नियतकालिक अतींद्रिय शक्तींचा अभ्यास करणाऱ्या मंडळाचं होतं. असली शक्ती सापडली असती, तर त्यांना आनंदच झाला असता.

गैरसमज ५ : पिरॅमिडमध्ये शास्त्रज्ञांची यंत्रंही गोंधळली.

वस्तुस्थिती : नोबेलविजेते लुइस अल्वारेझ यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस खाफ्रेच्या पिरॅमिडखालच्या दालनात विश्वकिरण मोजणारी यंत्रं बसवली. दगडात कुठे पोकळी असेल, तर त्या दिशेने जास्त कण येतील, असा साधा हिशेब होता. १९६९ मध्ये वृत्तपत्रांतून बातमी फिरली की नोंदी रोज बदलताहेत आणि विज्ञानाचे नियम मोडताहेत. १९७० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले, त्यात असं काहीच नव्हतं. यंत्रांना पिरॅमिडच्या चारही कडा आणि शिखरावर उरलेलं चुनखडीचं आवरण व्यवस्थित ‘दिसलं’ होतं. तपासलेल्या भागात गुप्त दालन मात्र नव्हतं. बातमी आजही सांगितली जाते, निबंध कुणी वाचत नाही.

गैरसमज ६ : पिरॅमिड ऊर्जा केंद्रित करतो, हे २०१८ मध्ये सिद्ध झालं.

वस्तुस्थिती : त्या वर्षी ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये महापिरॅमिडवर एक निबंध आला. तो गणिती प्रारूपावर आधारलेला होता. २०० ते ६०० मीटर लांबीच्या रेडिओलहरी पिरॅमिडवर पडल्या, तर त्या आतल्या दालनांत आणि पायाखाली कशा एकवटतील, याचा तो हिशेब. लहरी बाहेरूनच याव्या लागतात, पिरॅमिड ऊर्जा निर्माण करत नाही. शिवाय तो परिणाम पिरॅमिड आणि लहर यांच्या आकारांच्या प्रमाणावर अवलंबून आहे. २३० मीटर पायाच्या दगडी वास्तूचा हिशेब टेबलावरच्या तांब्याच्या खेळण्याला लागू होत नाही.

घरी करून पाहा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हा उत्तम प्रयोग आहे. पुठ्ठ्याचे चार त्रिकोण कापा. पाया २३.५ सेंमी, उरलेल्या दोन बाजू २२.४ सेंमी. ते जोडले की १५ सेंमी उंचीचा पिरॅमिड होतो, आणि त्याचा उतार महापिरॅमिडइतकाच, साधारण ५२ अंशांचा असतो. त्याच पुठ्ठ्याचा १४ सेंमी बाजूचा घन करा. दोन्हींत जवळजवळ तेवढीच हवा मावते.

एकाच टोमॅटोच्या शेजारशेजारच्या दोन समान चकत्या घ्या. कुठली पिरॅमिडखाली आणि कुठली घनाखाली, ते नाणं उडवून ठरवा. अशा दहा जोड्या करा. ‘कमी सडलेली’ कशाला म्हणायचं, हे आधीच लिहून ठेवा. शेवटी निकाल अशा माणसाने द्यावा, ज्याला कुठली चकती कुठे होती हे माहीत नाही.

दहापैकी सहा जोड्यांत पिरॅमिड जिंकला, तर हुरळून जाऊ नका. निव्वळ नशिबानेही सहा किंवा जास्त विजय मिळण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के असते. नऊ किंवा दहा वेळा जिंकला, तर मात्र थांबा, कारण नशिबाने तसं होण्याची शक्यता जेमतेम १ टक्का आहे. तेव्हा सगळा प्रयोग पुन्हा करा आणि दुसऱ्या कुणाकडूनही करून घ्या.

पिरॅमिड विकणाऱ्याने हे सगळं केलं नसेल, तर त्याला एवढंच विचारा : शेजारी चौकोनी खोका ठेवला होता का?