छायाचित्रण प्रकल्प : विषयनिवडीचा विचार

पदवी स्तरावरील छायाचित्रण प्रकल्पांत ‘निसर्ग’, ‘दारिद्र्य’, ‘ग्रामीण जीवन’ हे विषय वारंवार आढळतात. वस्तुतः ही क्षेत्रे आहेत, विषय नव्हेत. विषय ठरविताना नावीन्यापेक्षा पुनर्भेटीची शक्यता अधिक महत्त्वाची मानावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बर्न्ड व हिला बेखर या जर्मन दांपत्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, खाणींवरील मनोरे अशा रूक्ष वास्तू ढगाळ, सम प्रकाशात टिपल्या. छायाचित्रे शेजारी-शेजारी मांडल्यावर त्यांतील भेद बोलू लागले. तालुक्यातील एसटी थांबे वा पिठाच्या गिरण्या घेऊन हा प्रयोग आपल्याकडेही अल्प खर्चात करता येईल.

माणसांबाबत मात्र एवढे पुरत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे केलेले चित्रण दीर्घ परिचयातून साकारले आहे. एका दुपारी वस्तीत जाऊन टिपलेले ‘दारिद्र्य’ हे पाहुण्याने पाहिलेले असते. तरीही परीक्षणात त्यालाच गुण अधिक मिळतात, ही खेदाची बाब होय. म्हणून प्रस्ताव स्वीकारताना तेथे किती वेळा जाणे शक्य आहे, संमती कोणाची घेतली आणि छायाचित्रांच्या प्रती त्या माणसांना कधी मिळतील, हे मार्गदर्शकाने लेखी मागावे.